आयडी कमांडला विद्यार्थी दिसतो, अपाचेला का दिसत नाही?

नमस्कार सर. निपाणीच्या कॉलेजात तुम्ही विद्यार्थ्यांची खाती एलडॅपवर, म्हणजे सगळ्या मशीनना सामायिक अशा एका मध्यवर्ती यादीत, नेलीत. टर्मिनलवर आयडी ही खातं शोधणारी कमांड मारली की खातं दिसतं, पण ब्राउझरमध्ये त्याच विद्यार्थ्याचं पान मागितलं की अपाचे हा वेब सर्व्हर ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', देतो. एलडॅपचं सेटिंग आता पुन्हा उकरू नका. आयडी उत्तर देतोय म्हणजे ते चालतंय.

टर्मिनलवरची कमांड दर वेळी नव्याने सुरू होते आणि एनएसस्विचची फाइल, म्हणजे खाती कुठे कुठे शोधायची ते सांगणारी फाइल, ताजी वाचते. अपाचे मात्र सुरू होताना वाचलेलंच धरून बसतो. ग्लिबसी ही लिनक्सची मूळ सी लायब्ररी; तिच्या २.३३ च्या, म्हणजे २०२१ च्या आधीच्या सिस्टिमवर ही फाइल प्रत्येक प्रोसेस एकदाच वाचते. तुम्ही त्या फाइलमध्ये पासडब्ल्यूडीच्या, म्हणजे खात्यांच्या, ओळीत 'फाइल्स'नंतर 'एसएसएस' (एलडॅपमधून खाती आणणारी एसएसएसडी ही सेवा) लिहिलंत, तेव्हा अपाचे आधीपासून चालू असणार. पीएस या चालू प्रोसेस दाखवणाऱ्या कमांडमध्ये अपाचेच्या मूळ प्रोसेसची सुरुवातीची वेळ बघा आणि फाइल बदलल्याची वेळ बघा. प्रोसेस जुनी निघाली तर दुखणं सापडलं. ग्रेसफुल रीस्टार्ट इथे उपयोगाचा नाही, त्यात मूळ प्रोसेसने सुरू केलेल्या चाइल्ड प्रोसेस बदलतात, मूळ प्रोसेस तीच राहते. सरळ स्टॉप करा, मग स्टार्ट.

खानापुरात आमच्या लॅबमध्ये यापायी माझे दोन दिवस गेले. मी एलडॅपचे फिल्टर बदलत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी पावसात लाईट गेली, यूपीएसही संपला. लाईट आल्यावर मशीन नव्याने उठलं आणि कशाला हात न लावता सगळी पानं उघडली. पोरांचे प्रोजेक्ट दोन दिवस अडकले होते, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

४०४ जाऊन ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', आला तर आनंद माना, खातं सापडलं, आता फक्त परवानगी राहिली. विद्यार्थ्याच्या होम डिरेक्टरीला ७११, त्यातल्या वेबपानांच्या पब्लिक एचटीएमएल फोल्डरला ७५५ अशी परवानगी द्या. एसईलिनक्स ही लिनक्सची जादा सुरक्षा चालू असेल तर तिचं एचटीटीपीडी एनेबल होमडिर्स हे सेटिंग ऑन करायला विसरू नका.

आणखी एक. गेटएंट पासडब्ल्यूडी ही खाती दाखवणारी कमांड नुसती चालवलीत तर एलडॅपची नावं येणार नाहीत. एसएसएसडी मुळात पूर्ण यादी देत नाही, पुढे विद्यार्थ्याचं नाव लिहूनच तपासा. जुना एनएससीडी, म्हणजे खात्यांची उत्तरं साठवून ठेवणारा प्रोग्राम, चालू राहिला असेल तर तो बंद करा. तो आणि एसएसएसडी एकाच वेळी पासडब्ल्यूडीची कॅश ठेवू लागले की कधी जुनं उत्तर मिळतं, कधी नवं.

एवढं करूनही ४०४ च आला तर अपाचेच्या सेटिंगमधली यूजरडिरची ओळ (विद्यार्थ्यांची पानं कुठल्या फोल्डरात आहेत ते सांगणारी) आणि एरर लॉगमधली शेवटची ओळ पाठवा, मी बघतो.