विद्यार्थी नसताना विद्यापीठातली व्याख्यानं आणि प्रदर्शनं कशी निवडायची?

तुमचा प्रश्न असा की शहरातल्या विद्यापीठाची पुढच्या दोन महिन्यांची कार्यक्रमांची यादी हाती पडली आहे, तुम्ही तिथले विद्यार्थी नाही, तर आत सोडतील का आणि एवढ्यातून निवडायचं काय.

सोडतील. 'सर्वांसाठी खुले' असं छापलेलं असेल तर ते खरंच सर्वांसाठी असतं. 'नावनोंदणी आवश्यक' असेल तर नाव नोंदवा, खिशात एखादं ओळखपत्र ठेवा, झालं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा फाटकावर अडवलं तर काय सांगायचं हे वाटेत घोकत गेले होते. पहारेकऱ्याने मान वर न करता सभागृहाकडे हात केला. आपण आगंतुक आहोत असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढा. पॅरिसचं कोलेज द फ्रान्स १५३० सालचं. तिथली व्याख्यानं आजही कुणीही जाऊन ऐकावीत, नाव नोंदवायची गरज नाही, कारण ती संस्था पदवीच देत नाही. लंडनचं ग्रेशम कॉलेज १५९७ पासून लोकांसाठी फुकट व्याख्यानं देत आलंय. म्हणजे बाहेरच्या माणसाने मागच्या बाकावर येऊन बसणं ही फार जुनी गोष्ट आहे.

आता निवड. शीर्षकावर जाऊ नका, ते बहुतेक वेळा घाईत दिलेलं असतं. आधी कार्यक्रमाचा प्रकार बघा. 'चर्चासत्र' किंवा 'विभागीय व्याख्यान' म्हणजे मंडळी आपापसात बोलणार. जायला हरकत नाही, पण दहाव्या मिनिटाला तुम्ही छताचे पंखे मोजत असाल. स्मृतिव्याख्यानांना वक्ते मोठे असतात, मात्र परिचय आणि आभार यांत बराच वेळ जातो (मी पुस्तक घेऊनच जाते). माझा आवडता प्रकार म्हणजे नव्याने प्राध्यापकपदी आलेल्या व्यक्तीचं पहिलं जाहीर व्याख्यान. समोर त्यांचे आईवडील बसलेले असतात, जुने शिक्षक असतात, दुसऱ्या विभागांतले लोक असतात. आईला कळेल आणि गुरूलाही हसू येणार नाही असं बोलायचं म्हणजे माणूस तयारी करून येतो. यादीत असं एखादं असेल तर विषय कुठलाही असो, जा.

दुसरं म्हणजे, आपल्या विषयाचं कुंपण ओलांडून बोलणारा वक्ता दिसला तर सोडू नका. १९४३च्या फेब्रुवारीत एर्विन श्रोडिंगर या भौतिकशास्त्रज्ञाने डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जाहीर व्याख्यानं दिली. विषय होता, जीवन म्हणजे काय. विषय अवघड आहे असं सुरुवातीलाच बजावूनही सुमारे चारशे श्रोते टिकून राहिले. पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक झालं, आणि १९५३ साली डीएनएची रचना मांडल्यावर फ्रान्सिस क्रिकने श्रोडिंगरना पत्र लिहून कळवलं की सहकारी जेम्स वॉटसन आणि आपण, दोघांवरही त्या पुस्तकाचा प्रभाव होता. आपल्या विषयात मुरलेला माणूस दुसऱ्याच्या अंगणात गेला की त्याला साधे प्रश्न विचारावेच लागतात, आणि ऐकणाऱ्याचं तिथे फावतं.

वेळेबद्दल एक गंमत. जर्मनी आणि स्वीडनमधल्या विद्यापीठांत छापील वेळेनंतर पंधरा मिनिटांनी सुरू करायची जुनी रीत आहे, तिला 'शैक्षणिक पाव तास' म्हणतात. पत्रिकेत 'सी. टी.' (लॅटिन 'कुम टेम्पोरे', म्हणजे वेळेसह) अशी अक्षरं असली की सहा म्हणजे सव्वासहा. 'एस. टी.' ('सिने टेम्पोरे', म्हणजे वेळेविना) असेल तर सहाच. जिथे अशी अक्षरं छापत नाहीत तिथे आपलं दहा मिनिटं आधी पोचावं आणि कडेची खुर्ची धरावी. नाही आवडलं तर कुणाचे पाय न तुडवता उठता येतं.

प्रदर्शनांबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगते, कारण लोक व्याख्यानाला आवर्जून जातात आणि प्रदर्शन 'बघू नंतर' म्हणून ठेवतात. मी तसं ठेवलं होतं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी गेले तर दालनात शिडी, भिंतीवर खिळे आणि वस्तू गेल्यावर मागे राहिलेल्या नावाच्या पट्ट्या. तेवढ्या वाचून परत आले. कागदावरच्या वस्तू फार दिवस मांडूनही ठेवत नाहीत. जुनी हस्तलिखितं, जलरंग, कापड यांवर साधारण ५० लक्सच (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश ठेवतात, तैलचित्रांना २०० पर्यंत चालतो. प्रकाशाने रंग उडतो तो परत येत नाही आणि हे नुकसान साठत जातं, म्हणून काही महिन्यांत वस्तू पेटीत परत जाते. दालन अंधारलेलं वाटलं तर वैतागू नका, दारातच दोन मिनिटं थांबा, डोळे सरावतात.

विद्यापीठाच्या प्रदर्शनात मोठ्या संग्रहालयासारखा झगमगाट नसतो. विभागांच्या कपाटांतलं सामान बाहेर येतं: खडक, जुनी उपकरणं, नकाशे, वाळवलेल्या वनस्पती. अशाच एका प्रदर्शनातला वनस्पतीचा एक ताव मला अजून आठवतो. तपकिरी झालेली फांदी कागदावर दोऱ्याने टाचलेली, एक पान मुद्दाम उलटं लावलेलं, म्हणजे मागच्या शिरा दिसाव्यात. खाली कोपऱ्यात गोळा करणाऱ्याच्या शाईत झाडाचं नाव, ठिकाण, तारीख. त्याच्या वर वेगळ्या हस्ताक्षरातली चिठ्ठी, दुसरं नाव. तिच्याशेजारी टंकलिखित चिठ्ठी, तिसरं नाव. नंतरच्या कुणी तपासून ओळख बदलली की नवी चिठ्ठी डकवायची आणि जुनी तशीच ठेवायची, अशी या संग्रहांची पद्धत. एका फांदीवर तीन माणसांचा वाद चाललेला, आणि तिघं एकमेकांना कधी भेटलेही नसतील.

आठवड्याने त्याच प्रदर्शनाला जोडून व्याख्यान होतं. तो ताव बघितला नसता तर मी गप्प ऐकून आले असते. प्रश्नोत्तरांत हात वर केला आणि विचारलं, पहिलं नाव चुकीचं ठरलंय तर खोडत का नाहीत? वक्त्या हसल्या आणि पुढची पंधरा मिनिटं त्यावरच बोलल्या: तिसरं नावही उद्या बदलू शकतं, आणि मग पहिलाच बरोबर होता असंही निघू शकतं. नंतर बाहेर आल्यावर पुन्हा त्या पेटीपाशी घेऊन गेल्या आणि ते उलटं पान दाखवून म्हणाल्या, भांडण सगळं या शिरांवरून आहे.

तेव्हा तुमच्या यादीत प्रदर्शन आणि त्यावरचं व्याख्यान अशी जोडी आहे का ते शोधा. असेल तर आधी प्रदर्शन, मग व्याख्यान. आणि छापील यादीवर विसंबू नका, विभागांच्या बाहेरचे सूचना फलक वाचत चला. छोटी, चांगली व्याख्यानं बऱ्याचदा मुख्य यादीत येतच नाहीत, तिथे दारावर एका कागदावर टाचलेली असतात.