सेमिनरी सुटली म्हणजे पाचारण (देवाचं बोलावणं) संपलं का?

प्रश्न : जय येशू फादर. मी वसईच्या पाचूबंदरचा, वय ३२. बारावीनंतर सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू व्हायचं शिक्षण घ्यायला गेलो होतो, पण तिसऱ्या वर्षी पप्पांना अर्धांगवायू झाला, घरात मी मोठा, बोटीवर बँकेचं कर्ज, म्हणून परत आलो. वाटलं दोनेक वर्षांत सगळं मार्गी लावून जाऊ, पण मग बहिणीचं लग्न, इंजिनाचं काम, एकामागून एक चालूच. गेल्या वर्षी परत अर्ज केला तर वयाचं कारण सांगून नाही म्हणाले. आता मम्मी मुली बघतेय, आणि नातेवाईक म्हणतात, देवाने बोलावलंच नव्हतं तुला, नाहीतर एवढे अडथळे कशाला आले असते? रविवारी मुलांना कॅटेकिझम, म्हणजे धर्मशिक्षण शिकवतो तेवढा वेळ बरं वाटतं. काय समजू मी?

उत्तर : नातेवाइकांचं ते वाक्य पहिलं बाजूला ठेव, कारण बायबलमध्ये ते कुठेच बसत नाही. प्रेषित पौल रोमकरांना लिहितो की तुमच्याकडे यायचं मी कितीदा ठरवलं पण आजवर अडवला गेलो, म्हणजे त्यालाही बोलावणं नव्हतं म्हणायचं का? आणि पौलाचा सोबती योहान मार्क, तो तर प्रवासातून अर्ध्यातच यरुशलेमला परतला, का ते प्रेषितांच्या कृत्यांत दिलेलं नाही, पण पौलाला ते इतकं खटकलं की पुढच्या फेरीत मार्कला घ्यायचं की नाही यावरून त्याचं नि साथीदार बर्णबाचं वाजलं आणि दोघांनी वेगळ्या वाटा धरल्या. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात मात्र मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे, असं येतं. तू तर आजारी बापासाठी आलास, त्याला सोडून जाणं म्हणतात का कोणी?

आता आपल्या वसईचाच माणूस घे. संत गोन्सालो गार्सियाचा सण आला की जपान, क्रूस, हुतात्मा एवढं सांगून बरीच प्रवचनं संपतात (माझीही धरून), मधला भाग राहूनच जातो. येशूसंघीयांकडे (जेझुइट धर्मगुरूंकडे) वाढलेला हा पोरगा त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथे बरीच वर्षं धर्मशिक्षक होता, भाषा चांगली आत्मसात केली. त्याला त्यांच्याच संघात जायचं होतं. घेतलं नाही. मग त्याने चक्क व्यापार केला, आणि पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघाने त्याला ब्रदर (धर्मगुरू नसलेला व्रतस्थ) म्हणून घेतलं. १५९३ मध्ये ते जपानला निघाले तेव्हा त्यांना दुभाषा लागत होता आणि ती भाषा याला येत होती, जी तो नकार मिळायच्या आधी नुसता धर्मशिक्षक असताना शिकला होता. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारलं, त्यात तो होता. संतपद १८६२ मध्ये मिळालं. पण धर्मगुरू तो शेवटपर्यंत झाला नाही.

यावरून तुझंही सगळं जमेलच असं मी म्हणत नाही हं, कदाचित धर्मगुरू होणं खरंच तुझ्यासाठी नसेल. म्हणून एक कडू प्रश्न विचारतो, रागावू नकोस. तुला नक्की काय हवंय? लोकांची सेवा, की धर्मगुरू झाल्यावरच्या पहिल्या मिस्साचा मंडप, बँड आणि गावभर फादर म्हणून हाक? थोडं थोडं दोन्ही असतं, आम्हा झगेवाल्यांनाही होतं. पण उद्या कोणीच फादर म्हटलं नाही तरी त्या कॅटेकिझमच्या पोरांकडे जाशील का, हे स्वतःला विचार.

बाकी, एका ठिकाणी नाही म्हणाले म्हणजे सगळीकडे नाही असं नसतं, वयाची अट प्रत्येक धर्मप्रांताची आणि संस्थेची वेगळी. ब्रदर घेणाऱ्या संस्था आहेत, तिथे विचार. लग्न केलंस तर पाचारण बुडालं असंही नाही, लग्न झालेला माणूस ३५ पूर्ण झाल्यावर बायकोच्या संमतीने कायमस्वरूपी डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) होऊ शकतो, मुंबईत असे डीकन आहेत. फक्त मुलगी बघायला जाशील तर हे सगळं तिला पहिल्याच भेटीत सांग, मनात सेमिनरी ठेवून संसार मांडू नकोस, तो तिच्यावर अन्याय होईल.

बोट विकायचा विचार असेल तर आत्ता नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यात चार-पाच दिवस काढून एखाद्या रिट्रीट हाऊसला, म्हणजे प्रार्थना-चिंतनासाठी राहतात तिथे जा, आणि तुला आधीपासून ओळखणाऱ्या एका धर्मगुरूला किंवा सिस्टरला सगळं सांग, कर्जाचा आकडासुद्धा. तोवर मम्मीला म्हणावं, ऑगस्टपर्यंत स्थळं थांबव.