बॅटरीच्या शेड्यूलिंग सॉफ्टवेअरचं आमचं मॅन्युअल कोणी वाचतच नाही. ते कसं सुधारावं?

तुमचं मॅन्युअल मेनूच्या क्रमाने लिहिलेलं असेल, तर ते ऑपरेटरच्या दिवसाच्या क्रमाने पुन्हा लिहा. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची वीज सांभाळतो. आमच्याकडे २०० युनिटची बॅटरी आणि ५० किलोवॉटचा इन्व्हर्टर आहे, म्हणजे रिकामी बॅटरी भरायला साधारण चार तास. तुम्ही लिहिता, मी वापरतो. म्हणून माझ्या बाजूने सांगतो.

हिशोब साधा आहे. दिवसा ९ ते ५ वीज स्वस्त, तेव्हा भरायची. ५ नंतर महाग, तेव्हा वापरायची. बॅटरी बसवल्यावर आम्ही सॉफ्टवेअरमध्ये हेच तास टाकले. संध्याकाळी सात वाजता शिफ्टवाल्याचा फोन आला, "साहेब, ब्याटरी फुल हाय, पण लोड घेईना." नोंदी काढल्या. चार्जिंग दुपारी अडीचला सुरू होऊन साडेसहाला संपलं होतं आणि डिस्चार्ज रात्री साडेदहाला सुरू होणार होता. सॉफ्टवेअरचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर चालत होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. शेवटचा दीड तास महाग वीज घेऊन बॅटरी भरली आणि ऐन संध्याकाळी ती भरलेली नुसती बसून राहिली. मॅन्युअलमध्ये हे होतं, पण शेवटच्या परिशिष्टात, एका ओळीत. ती ओळ वेळ टाकायच्या चौकटीला लागून हवी होती.

उणे-अधिकचंही तसंच. उणे ५० किलोवॉट म्हणजे चार्जिंग की डिस्चार्ज (बॅटरीतून वीज काढणं), हे प्रत्येक उदाहरणात लिहा, एकदाच सांगून सोडू नका. किलोवॉट म्हणजे विजेचा वेग आणि युनिट म्हणजे एकूण वीज, यांची गल्लत लिहिणारेही करतात.

सगळ्यात जास्त पानं द्या ती "सांगितलं तरी बॅटरी ऐकत का नाही?" या प्रश्नाला. आम्हाला रात्री-अपरात्री हाच प्रश्न पडतो. मे महिन्यात इथे पारा ४२ च्या पुढे जातो, सेल तापले की यंत्रणा स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते. राखीव १० टक्के ठेवायला सांगितलं असेल तर २०० पैकी १८० युनिटच हाताशी येतात, त्यातलेही काही इन्व्हर्टरमध्ये वाया जातात. माग पूर्ण जोरात असताना वर ५० किलोवॉटचं चार्जिंग आलं तर कमाल मागणी (महिन्यात एका वेळी घेतलेले सर्वात जास्त किलोवॉट) वाढून महिन्याचं डिमांडचं बिल फुगेल, म्हणून सॉफ्टवेअर चार्जिंग थांबवतं. ही तिन्ही कारणं बरोबर आहेत, पण कोणी न सांगितल्यामुळे माणसाला वाटतं मशीन बिघडलं, आणि तो शेड्यूल बंद करून हाताने चालवायला लागतो. प्रत्येक कारणापुढे स्क्रीनवर येणारा संदेश अक्षरशः तसाच छापा आणि खाली लिहा: थांबायचं, काही बदलायचं की फोन करायचा.

वीजदर मात्र मॅन्युअलमध्ये छापू नका. वीज नियामक आयोगाचा नवा आदेश आला की ती पानं चुकीची ठरतात. दर कुठे बदलायचे तेवढंच दाखवा.

भाषेचं म्हणाल तर आमच्याकडे बऱ्याच कामगारांच्या घरी तेलुगू आहे, मराठी ते वाचतात, पण "प्रभारण" म्हटलं की अडतात. चार्जिंगच लिहा.

छापण्याआधी कधीच हे सॉफ्टवेअर न पाहिलेल्या ऑपरेटरच्या हातात मसुदा द्या आणि उद्याचं शेड्यूल लावायला सांगा. तुम्ही शेजारी गप्प बसा. तो जिथे पान उलटून मागे जाईल, तिथे खूण करा.