परवाना नियमात, तरी ओढा दूषित कसा?

न्यूझीलंडमधील नद्या आणि भूजल यांच्या देखरेखीविषयी आलेली तीन पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : हॅमिल्टनजवळ मुलीकडे चार महिने राहून नुकताच परतलो. तेथील प्रादेशिक परिषदेचे अधिकारी डेअरी फार्मची नियमित तपासणी करतात आणि बहुतेक फार्म नियमांचे पालन करतात, असे शेजारचे शेतकरी सांगत. मात्र जवळच्याच ओढ्यावर ‘येथे पोहू नये’ असा फलक होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात? (एक वाचक, सातारा)

उत्तर : असू शकतात, कारण फार्मची तपासणी आणि ओढ्याची तपासणी ही दोन निराळी कामे आहेत, जरी ती एकच संस्था करीत असली तरी. न्यूझीलंडमध्ये १९८९ साली स्थानिक प्रशासनाची फेररचना झाली, तेव्हा प्रादेशिक परिषदांच्या सीमा बहुतांशी नद्यांच्या पाणलोट क्षेत्रांवरून आखण्यात आल्या. आज अशा ११ परिषदा आहेत. ऑकलंडसारख्या काही ठिकाणी शहराची आणि प्रदेशाची कामे एकाच परिषदेकडे आहेत. १९९१च्या संसाधन व्यवस्थापन कायद्याच्या कलम ३५ने परिषदेवर एकीकडे पर्यावरणाच्या स्थितीचे मोजमाप आणि दुसरीकडे दिलेल्या संमतीपत्रांच्या, म्हणजे पाणी उपसणे किंवा सांडपाणी सोडणे अशा कामांच्या परवान्यांच्या, पालनाची तपासणी, अशा दोन्ही जबाबदाऱ्या टाकल्या आहेत.

फार्मवर येणारा अधिकारी प्रामुख्याने डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी पाहतो. दूध काढण्याची शेड धुतल्यावर निघणारे शेण-मूत्रमिश्रित पाणी कोणत्या तळ्यात साठते, तळे भरून वाहते का, ते पाणी कुरणावर फवारताना एकाच जागी साचून राहते का आणि तेथून ओहोळात उतरते का, हे तो तपासतो. काही परिषदा हेलिकॉप्टरमधूनही पाहणी करतात. दोष आढळल्यास तो थांबवण्याची नोटीस दिली जाते किंवा जागेवर दंड होतो, आणि प्रकार गंभीर असल्यास खटला भरला जातो. अनेक वर्षे या खटल्यांतील कमाल दंड व्यक्तीला ३ लाख आणि कंपनीला ६ लाख न्यूझीलंड डॉलर असा होता. या दट्ट्यामुळे शेडमधले पाणी सरळ ओढ्यात सोडण्याची जुनी रीत बरीचशी मोडली, हे मान्य केले पाहिजे.

परंतु गाय दिवसाचा फार थोडा वेळ शेडमध्ये असते. उरलेला वेळ ती कुरणात चरते, आणि तिच्या मूत्राचा जो ओला डाग जमिनीवर पडतो, त्या हातभर जागेत नत्राचे प्रमाण इतके होते की गवताला ते शोषून घेणे शक्य नसते. उरलेले नत्र नायट्रेटच्या रूपाने पावसाबरोबर खाली झिरपते आणि भूजलातून हळूहळू झऱ्यांत व ओढ्यांत येते. यात कोणतीही नळी फुटत नाही आणि कोणतेही तळे वाहत नाही, त्यामुळे अधिकाऱ्याला बोट दाखवायला जागाच नसते. शिवाय अशी चराई अनेक ठिकाणी वेगळ्या संमतीपत्राशिवाय, प्रादेशिक आराखड्यातील सर्वसाधारण नियमांखाली चालते. प्रत्येक शेतकरी नियमात आणि सर्वांची बेरीज मात्र नदीला न पेलणारी, ही स्थिती त्यातूनच निर्माण होते. माझ्या मते अडचणीचे मूळ तपासणीतील ढिलाईपेक्षा येथे अधिक आहे.

टाउपो सरोवराच्या बाबतीत वायकाटो परिषदेने, म्हणजे हॅमिल्टन ज्या प्रदेशात येते तेथील प्रादेशिक परिषदेने, हे ओळखले आणि भोवतालच्या प्रत्येक फार्मला नत्राचा ठरावीक कोटा बांधून दिला. हे नियम २०११ साली अमलात आले. मानवी व्यवहारांतून सरोवरात जाणारे नत्र २० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठेवून सार्वजनिक निधीतून कोटे विकतही घेतले गेले. तरीही तेथील भूजलाला सरोवरापर्यंत पोहोचायला कित्येक दशके लागू शकतात, म्हणजे आजोबांच्या कुरणातले नत्र नातवाच्या काळात पाण्यात उतरते. २०२०च्या राष्ट्रीय धोरणात नद्यांमधील नायट्रेट-नत्राची कमाल चालू शकणारी पातळी लिटरला ६.९ मिलिग्रॅमवरून २.४ मिलिग्रॅमवर आणली गेली, पण या संथ भूजलाला कागदावरच्या मर्यादेची घाई नसते.

आपण पाहिलेला फलक मात्र बहुधा नायट्रेटमुळे नव्हे, तर शेण-विष्ठेतून पाण्यात येणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूमुळे असावा. उन्हाळ्यात पोहण्याच्या जागी साधारणतः आठवड्यातून एकदा नमुना घेतात. १०० मिलिलिटर पाण्यात ५५० हून अधिक जिवाणू आढळले की पोहण्याविरुद्ध इशारा दिला जातो. प्रयोगशाळेत नमुना उबवायला जवळजवळ एक दिवस लागतो, म्हणून फलक नेहमी कालची गोष्ट सांगतो. फलक असो वा नसो, मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस पाण्यात उतरू नये, हा तेथील सल्ला त्याचसाठी आहे.

जाता जाता एक फरक सांगतो. आपले प्रदूषण नियंत्रण मंडळही संमतीपत्रे देते, ती तपासते आणि नद्यांचे नमुने घेते. पण मंडळ राज्य सरकार नेमते, तर प्रादेशिक परिषदेचे सदस्य दर तीन वर्षांनी लोक निवडतात, आणि ग्रामीण भागात त्या मतदारांमध्ये तपासणीखालचे शेतकरीही असतात. खटला भरायचा की नाही, या निर्णयात निवडून आलेल्या सदस्यांनी पडू नये, असे न्यूझीलंडच्या महालेखापरीक्षकांनी २०११च्या अहवालात सुचवले होते, ते याच कारणाने.

प्रश्न : आम्ही हॉक्स बे भागात राहतो. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो. याची तक्रार प्रादेशिक परिषदेकडे करावी का? (एक वाचक, नेपियर)

उत्तर : नाही. नळाचे पाणी हे आपल्या नगर परिषदेचे काम. प्रादेशिक परिषद ते जेथून उपसले जाते त्या भूजलाची राखणदार असते. या दोन संस्थांमधली फट किती महागात पडते, हे आपल्याच शेजारच्या हॅवलॉक नॉर्थने ऑगस्ट २०१६मध्ये पाहिले. मुसळधार पावसात मेंढ्यांच्या लेंड्यांनी दूषित झालेले पाणी विंधनविहिरींजवळच्या डबक्यात आणि तेथून भूजलात शिरले. पाण्यात क्लोरीन नव्हते, आणि सुमारे १४,००० वस्तीच्या गावातील ५,००० हून अधिक लोक कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूच्या संसर्गाने आजारी पडले. चौकशीत गावाला नळाचे पाणी पुरवणारी हेस्टिंग्ज जिल्हा परिषद आणि प्रादेशिक परिषद या दोघींवरही ठपका आला. पुढे २०२१मध्ये ‘टाउमाटा आरोवाई’ ही पिण्याच्या पाण्याची स्वतंत्र नियामक संस्था अस्तित्वात आली. वासाचा त्रास मी समजू शकतो, तथापि तो वास का आला हेही आपल्या भागातल्या माणसाला ठाऊक असलेले बरे.

प्रश्न : माझ्या भावाने न्यूझीलंडमध्ये किवी फळांची बाग घेतली आहे. विहिरीच्या पाण्याला मीटर सक्तीचा आहे का, आणि परिषदेचा माणूस न कळवता आत येऊ शकतो का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : उपशाचे संमतीपत्र सेकंदाला ५ लिटर किंवा त्याहून अधिक पाण्याचे असेल, तर २०१०च्या नियमांनुसार मोजणी सक्तीची आहे; ज्या दिवशी पाणी घेतले नाही, त्या दिवशी शून्याची नोंद करावी लागते. सेकंदाला २० लिटर व त्यावरील उपशाची नोंद २०२२पासून दर पंधरा मिनिटांची असते आणि ती इलेक्ट्रॉनिक पद्धतीने रोज परिषदेकडे जाते. अधिकारी वाजवी वेळी, पूर्वसूचनेशिवायही, बागेत येऊ शकतो. त्याने नेमणुकीचे ओळखपत्र दाखवले पाहिजे आणि राहत्या घरात त्याला हा अधिकार नाही. तपासणीचा खर्च बहुधा संमतीपत्रधारकाकडूनच घेतला जातो, तेव्हा आपल्या भावाने पहिल्या बिलाने दचकू नये.