दंगल किंवा संघर्ष पेटला की सरकार इंटरनेट का बंद करतं?

अफवा पसरू नयेत, जमाव जमू नये, हे छापील उत्तर तुम्हालाही पाठ असेल. माझ्या मते खरं कारण म्हणजे आतली बातमी कुणाच्या तोंडून बाहेर जाईल, ते सरकारला आपल्या हातात ठेवायचं असतं.

आम्ही गलाईवाले, म्हणजे सोनं आटवणारे, मूळचे सांगलीच्या खानापूर तालुक्यातले, धंदा श्रीनगरला. ५ ऑगस्ट २०१९ ला, कलम ३७० हटवलं त्या दिवशी, उठलो तर नेटच काय, मोबाईल आणि लँडलाइनही मुकी. बाहेर कर्फ्यू, दुकानाला कुलूप. त्या महिन्यात सोनं ३८ हजारांच्या वर गेलं, ते आम्हा सोनं आटवणाऱ्यांनाच उशिरा कळलं! पुढं कधीतरी घरमालक म्हणाला, डीसी ऑफिसात, म्हणजे कलेक्टर कचेरीत, मोबाईल ठेवलेत, रांग लावली की घरी बोलता येतं. तोच गल्लीबोळांतून घेऊन गेला. नंबर आला, बायकोला फोन लावला. अनोळखी नंबर बघून तिनं कट केला. परत लावला, परत कट. मागचे ओरडायला लागले. पाठ असलेला दुसरा नंबर मेहुण्याचा. तो म्हणतो, "दाजी, कशाला काळजी करताय, टीव्हीवर सगळं शांत दाखवतायत की!" तेवढ्यात शिपायानं फोन काढून घेतला.

टीव्हीला खोटं पाडणारं कुणी त्याच्यापर्यंत पोचूच शकत नव्हतं. बंदी हवी असते ती यासाठी. जानेवारी २०२० मध्ये नेट सुरू झालं ते टूजी, तेही ठरवून दिलेल्या साइट्सपुरतं. व्हिडिओ पाठवायचं नावच नको. फोरजी यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. टूजी सुरू व्हायच्या आधी तर पोरं परीक्षेचे फॉर्म भरायला रेल्वेनं खोऱ्याबाहेरच्या बनिहालला जायची, तिथं नेट चालायचं. मणिपूरचं बघा, दंगल पेटली आणि तिथंही नेट बंद. दोन बायकांची धिंड ४ मे २०२३ ची, व्हिडिओ बाहेर आला १९ जुलैला, आणि पहिली अटक त्यानंतर. नेट बंद ठेवून कुणाची सोय झाली?

सुप्रीम कोर्टानं १० जानेवारी २०२० ला सांगून ठेवलंय, बेमुदत बंदी चालणार नाही, आदेश जाहीर करा. तुमच्याकडे बंद झालं तर आधी तो आदेश मागा.

मेहुण्याचं पालुपद एकच, "नेट नसलं म्हणून माणूस मरतो का?" जून २०२३ मध्ये कोल्हापुरात नेट बंद झालं, तेव्हा याच गड्यानं मला फोन करून गिऱ्हाईक परत चाललंय, पैसे घेता येईनात म्हणून सरकारला शिव्या घातल्या. दीडेक दिवसात!

बाकी एक कबूल. १ जुलै २०१८ ला धुळ्याच्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून पाच जणांना ठेचून मारलं, ते व्हॉट्सॲपच्या अफवेपायीच. मेहुणा दर दिवाळीला हे ऐकवतो. तेवढ्या तालुक्यापुरतं, तेवढ्या वेळापुरतं बंद करा, आदेश सही-तारखेसकट लावा, मी चकार शब्द काढणार नाही. पण फोरजी दीड वर्ष अडवून ठेवायला कुठली अफवा पुरते, ते त्यानं अजून सांगितलेलं नाही.