डबा सगळ्यात शेवटी

प्रिय धडपड्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं, टेबलाचा फोटोही पाहिला. चार पानांत खरा प्रश्न एकच आहे, हाताने शुभेच्छा कार्डं करायचं सामान कशात ठेवायचं हा, आणि तो तू तीनदा विचारला आहेस. चाकांची तीन मजली ट्रॉली घेऊ, पारदर्शक खणांचा मनोरा घेऊ, की भिंतीवर भोकांचा बोर्ड ठोकू? पैसे एकाच वस्तूपुरते आहेत, तेही साठवून साठवून जमवलेले, म्हणून ‘ताई, चुकायला नको’ म्हणतोस.

यातलं काहीही घेऊ नकोस. डबा सगळ्यात शेवटी.

हे वाचून तू पत्र बाजूला ठेवशील, मला माहीत आहे. मीही ठेवलं असतं. कार्ड करण्यातला आनंद वगैरे तुला सांगत बसत नाही. तो नसता तर दिवसभर नोकरी करून रात्री साडेअकराला कागद कापत बसला नसतास. गोंधळ आहे तो सामान कुठे ठेवायचं याचा. आणि त्या गोंधळात मी इतकी वर्षं घालवली आहेत की या एका बाबतीत माझं ऐकायला हरकत नाही.

मला पहिल्यांदा स्वतःचा असा कोपरा मिळाला तेव्हा मी भिंत मोजली. कागद मोजला नाही. भिंतीला शोभेल असा सहा खणांचा प्लास्टिकचा मनोरा आणला. खण आतून २३ सेंटिमीटर रुंद. माझ्याकडे जिवापाड जपलेला बारा इंची नक्षीदार कागदाचा एक गठ्ठा होता, म्हणजे चारी बाजूंनी ३०५ मिलिमीटर. तो काही केल्या आत जाईना. तिरका करून पाहिला, गुंडाळी करून पाहिली. शेवटी एका दुपारी स्टील पट्टी लावली, नवं पातं घातलं आणि अख्ख्या गठ्ठ्याची तीन-तीन इंचांची कड कापून टाकली. खण झकास बंद झाला. त्या दिवशी मी इतकी खूश होते की शेजारणीला बोलावून दाखवला.

महिनाभराने पंधरा सेंटिमीटरची चौकोनी, घडीची कार्डं करायला बसले. पूर्ण कागदातून अशी दोन निघतात. माझ्या कापलेल्या कागदातून एकच निघालं. मी डब्यासाठी कागद कापला होता, रे.

आणि गोष्ट तिथेच संपत नाही. सहापैकी दोन खण रिकामे राहिले होते, ते डोळ्यांना खुपायला लागले. मग रिबिनी आल्या, मणी आले, चकाकणारी पूड आली. मी मण्यांची कार्डं कधी करतच नव्हते! खण होता म्हणून मणी आले. ट्रॉली घेतलीस तर तिचा तिसरा मजला तुझ्याकडूनही असंच काहीतरी मागून घेईल.

आता काय करायचं ते सांगते. आठवडाभर काहीही आवरू नकोस. आहे त्या पसाऱ्यात तीन कार्डं कर, पूर्ण, पाकिटासकट. शेजारी एक कागद ठेव आणि खुर्चीतून उठावं लागलं की कशासाठी उठलास ते त्यावर लिही. बस, एवढंच. तिसऱ्या कार्डानंतर तुला कळेल की प्रत्येक वेळी हात त्याच सात-आठ गोष्टींकडे गेला. माझ्या यादीत पट्टी, कटर, पेन्सिल, घडीची रेघ ओढायला शाई संपलेलं बॉलपेन, पांढरा गोंद, दुतर्फी टेप आणि कात्री होती. तुझी थोडी वेगळी निघेल. या वस्तू एका ट्रेमध्ये जातील. ट्रे म्हणजे बुटांच्या खोक्याचं झाकणसुद्धा चालतं. तुझं टेबल रात्री तुझं आणि सकाळी भावाच्या अभ्यासाचं, असं तू लिहिलंस. मग तुला ट्रॉलीहून जास्त गरज एका हाताने उचलून कपाटावर सरकवता येईल अशा ट्रेची आहे. बाकीचं सामान दोन पावलं लांब असलं तरी काही बिघडत नाही. महिन्यातून एकदा लागणारी वस्तू काढायला माणूस उठतोच.

कागदाबद्दल मात्र सविस्तर बोलू दे, कारण फोटोत तू तो इंद्रधनुष्यासारखा रंगवार लावला आहेस. सुंदर दिसतो. पण निरुपयोगी आहे. कार्ड करताना हाताला पहिला प्रश्न रंगाचा पडत नाही, हा कागद घडी घालून उभा राहील का, हा पडतो. म्हणून आधी जाडी, मग माप, आणि रंग शेवटी. तू लिहिलंस की निम्मा कागद कुणाकुणाकडून आलेला आहे आणि त्याचा जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, ज्यावरून जाडीचा अंदाज येतो, ते माहीत नाही. त्यात अवघड काय आहे? ए-फोरच्याच मालिकेतलं मोठं ए-झिरो पान म्हणजे एक चौरस मीटर, आणि त्यात ए-फोरची सोळा पानं बसतात. एका ए-फोर पानाचं वजन ग्रॅममध्ये घे, सोळाने गुण, जीएसएम हातात. एक पान छोट्या काट्यावर नीट तोललं जात नाही, म्हणून एकसारखी दहा पानं ठेव. काटा दीडशे ग्रॅम दाखवत असेल तर पान पंधरा ग्रॅमचं, म्हणजे कागद २४० जीएसएमचा. छपाईचा साधा ८० जीएसएमचा कागद पानाला पाचच ग्रॅम भरतो. दोनशेच्या वरचं सगळं कार्डाच्या अंगाचं, खालचं चिकटवायचं. दोन थप्प्या झाल्या की अर्धं आवरणं तिथेच संपलं, आणि खर्च काहीही नाही.

मापाचंही तसंच. तू एकाच मापाचं कार्ड ठरव, निदान वर्षभर. ए-फोर मधोमध कापला की दोन ए-फाइव्ह, प्रत्येकाची घडी घातली की १०५ बाय १४८ मिलिमीटरचं ए-सिक्स कार्ड. एका पानात दोन कार्डं, कातरण शून्य. त्याला सी-सिक्स पाकीट लागतं, ११४ बाय १६२ चं. विकतचं नको असेल तर ए-फोरमधून २१० मिलिमीटरचा चौकोन काप, कार्ड मधोमध तिरकं ठेव आणि चारी कोपरे आत दुमड, पाकीट तयार. आणखी एक गंमत आहे. कागदाचे तंतू एका दिशेने पडलेले असतात, छापखान्यातले लोक त्याला ग्रेन म्हणतात. ए-फोरमध्ये ते बहुधा लांब बाजूने असतात. सबंध ए-फोरची घडी घातलीस तर ती तंतूंना आडवी जाते आणि जाड कागद घडीवर फुटतो, पांढरी चीर दिसते. अर्धा कापून घातलीस तर घडी तंतूंच्या बाजूने पडते, स्वच्छ. तू ज्याला ‘माझा हात खराब आहे’ म्हणतोस ती चीर बहुतेक हीच असणार. पान दोन्ही दिशांना हलकेच वाकवून बघ, ज्या घडीला कमी विरोध, त्या घडीच्या रेषेत ग्रेन.

एक माप ठरलं की डब्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही, हे तुझ्या लक्षात येतंय का? कार्डाचं माप माहीत, पाकिटाचं माप माहीत, थप्पीची उंची समोर. मग पुठ्ठ्याचं कुठलंही खोकं घेऊन त्या मापाने कापता येतं. उभं खोकं एका बाजूने तिरकं कापलं की कागद उभा ठेवायची फाइल होते. फक्त ती गच्च भरलेली असू दे. सैल ठेवलेला कागद आपल्याच वजनाने पोट काढतो आणि मग सरळ होत नाही. भरत नसेल तर मागे जाड पुठ्ठा सरकव.

बाकीचं भराभर सांगते. शाईने छाप उठवायच्या पारदर्शक स्टॅम्पना सीडीच्या जुन्या डब्या उत्तम. गुळगुळीत प्लास्टिकला ते आपले आपण चिकटून राहतात, आणि डबी कडेवर उभी केली की पुस्तकासारखी निवडता येते. घरात पडलेल्या आहेत म्हणून सांगतेय, विकत घ्यायच्या नाहीत. स्टॅम्पवर शाईचा डाग राहिला म्हणून घासत बसू नकोस, छाप तसाच येतो. पिगमेंट शाईचे, म्हणजे दाट, सावकाश वाळणाऱ्या शाईचे, स्पंजाचे पॅड पालथे ठेव, शाई वरच्या थरात राहते. दोन्हीकडे टोकं असलेले मार्कर आडवे. तू ते पेल्यात उभे ठेवले आहेस, म्हणून त्यांचं एक टोक कोरडं पडत असणार. गोंदाच्या तोंडात टाचणी खुपसून ठेव. कटिंग मॅट भिंतीला टेकवून उभी करू नकोस, वाकली की पुन्हा सपाट व्हायला जीव खाते. पलंगाखाली आडवी सरकव. आणि टेबल खिडकीशी आहे ते राहू दे, काम करायला उजेड हवाच, पण सामानावर ऊन येता कामा नये. उन्हाने स्टॅम्प पिवळे पडतात आणि रंगीत कागदाची उघडी कड फिकी होते. मग सबंध पान वापरायला काढलं की त्यावर एक पट्टा वेगळाच दिसतो.

पैसे वाचले असतील तर ते कशावर घालायचे हे विचारशील. पात्यांवर. बोथट पातं कागद कापत नाही, ओरबाडतं, आणि तू कटरच्या पात्याचं बोथट टोक तोडायला कंजूषपणा करतोस हे कार्डांच्या कडा सांगतायत. मग टेप, मग चांगला जाड पांढरा कागद. या वस्तू वापरून संपतात आणि त्यांच्यातून कार्ड निघतं. डबा संपत नाही, आणि त्यातून काही निघतही नाही. पुन्हा सांगू? डबा शेवटी. तीन कार्डं झाल्यावर, यादी झाल्यावर, थप्प्या मोजून झाल्यावर, आणि तरीही एखादी वस्तू खरंच निराधार उरली तर.

आता कातरण. इथे तू मला पकडणार आहेस, कारण तू माझं कपाट पाहिलं आहेस. मी सगळ्यांना सांगते की तळहाताहून लहान तुकडा ठेवायचा नाही, ए-सेव्हन म्हणजे ७४ बाय १०५ ही शेवटची सीमा. आणि माझ्या कपाटाच्या खालच्या खणात त्या कापलेल्या गठ्ठ्याच्या तीन-तीन इंची पट्ट्या अजून आहेत. पण त्या कचरा नाहीत. तीन इंच बाय बारा इंच पट्टी म्हणजे चार कार्डांची चौकोनी खिडकी होते, मी केल्याही आहेत, चाळीसेक तरी. उरलेल्या संपतीलच. आणि समज नाही संपल्या, तरी त्या खणाला दुसरं काम काय आहे? तो मनोरा इतका महाग घेतला होता की टाकवत नाही, आणि ठेवायचा तर त्यात काहीतरी ठेवायला हवं. हे लिहिताना मलाच ऐकू येतंय काय बोलतेय मी ते. असू दे. तुझ्याकडे तसा मनोरा नाही, म्हणून तुला अशा सबबी लागणारही नाहीत.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की ऐसपैस टेबलं आणि बाटल्यांच्या रांगा असलेल्या खोल्यांचे फोटो पाहिले की आपलं हे सगळं पोरकट वाटतं. त्या खोल्यांचा मलाही हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. पण त्या फोटोंत एक बघ. टेबलावर अर्धवट कार्ड कधी नसतं. तुझ्या फोटोत आहे. डावीकडे, पट्टीखाली, निळ्या कागदाचं, वरची कड जरा तिरकी गेलेली. मी तुझा फोटो मोठा करून करून तेवढंच पाहत होते. कड तिरकी गेली कारण पट्टी मधेच सरकली. पट्टीच्या पाठीला कागदी टेपच्या दोन पट्ट्या लाव, सरकणार नाही. कार्ड टाकून देऊ नकोस, वरून तीन मिलिमीटर छाट.

यादी झाली की मला पाठव, कशासाठी किती वेळा उठलास त्याची. खरी लिही, माझ्यासाठी सुधारून नको. आणि हो, फोटोत खुर्चीमागे भिंतीला टेकवून गुलाबी कागद उभा ठेवला आहेस ना, तो पत्र वाचून झाल्या झाल्या आडवा कर आणि वर वजन ठेव. मधोमध वाकायला लागलाय.

तुझी,
ताई