हॉपकिन्स की कॉर्नेल? आधी ता. क. वाचू

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, डॉक्टर व्हायचं पाचवीपासून तिच्या डोक्यात आहे. जॉन्स हॉपकिन्स आणि कॉर्नेल दोन्हीकडे प्रवेश मिळालाय, १ मेपर्यंत कळवायचंय. खर्च दोन्हीकडे जवळजवळ सारखा, आर्थिक मदत कुठूनच नाही. प्री-मेडसाठी कोणतं बरं? पैशांची सोय केली आहे, एक्सेल जोडतोय. (आमच्या राज्याच्या सरकारी विद्यापीठाच्या, राटगर्सच्या, ऑनर्स कॉलेजलाही मिळालंय, पण तो अर्ज बॅकअप म्हणून भरला होता.)
ता. क. : आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, मुलगी आमच्यावर अवलंबून म्हणून एच-४वर. आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) २०१६ साली मंजूर झालाय, त्यामुळे ती मेडिकलला जाईपर्यंत ग्रीन कार्ड येईलच.

उत्तर : मुलीचं मनापासून अभिनंदन. या दोन ठिकाणी नाव लागणं हे खायचं काम नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी उरकतो. प्री-मेड म्हणजे पदवीनंतरच्या मेडिकलची तयारी, ती वेगळी पदवी नाही. बायॉलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री हे विषय लॅबसकट कुठेही करता येतात. मेडिकल कॉलेजं जीपीए (चारपैकी सरासरी गुण) आणि एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) बघतात, मग हॉस्पिटलमधला अनुभव आणि संशोधन. दरवर्षी ५० हजारांच्या वर मुलं अर्ज करतात आणि जागा २३ हजारांच्या आसपास असतात. आत जाणाऱ्यांचा सरासरी जीपीए ३.८च्या जवळ असतो. हॉपकिन्समध्ये शेजारच्या बाकांवरची बरीच पोरं प्री-मेडच असतात आणि तिथल्या ऑरगॅनिकमध्ये ३.८ टिकवणं सोपं नाही. कॉर्नेलचं मेडिकल कॉलेज मॅनहॅटनमध्ये आहे, तुमची मुलगी मात्र इथाकात असेल, चार-साडेचार तासांवर. हॉपकिन्सचं हॉस्पिटल निदान त्याच गावात आहे, कॅम्पसवरून शटल जाते. दोघांतलंच एक निवडायचं असेल तर हॉपकिन्स. झालं.

आता ता. क.कडे वळू. बारा ओळींच्या पत्रात सगळ्यात महागडं वाक्य तुम्ही सहीच्या खाली लिहिलंय.

तुमच्या एक्सेलमध्ये हॉपकिन्सचा एक टॅब आहे, कॉर्नेलचा एक. दोन्हींत ३१व्या ओळीत एकच नोंद : ‘मेडिकल – लोन (ती स्वतः फेडेल)’. रकमेचा रकाना रिकामा. शेजारीपाजारी हेच ऐकलंत ना? सगळ्यांची मुलं लोन काढतात, डॉक्टर झाल्यावर फेडतात. त्या मुलांकडे अमेरिकेचा पासपोर्ट असतो. सरकारी विद्यार्थी कर्ज नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतं, एच-४ला नाही आणि एफ-१ला, म्हणजे विद्यार्थी व्हिसालाही नाही. ‘उत्पन्न जास्त आहे म्हणून फाफ्सा भरला नाही’ असं तुम्ही एक्सेलच्या कोपऱ्यात लिहिलंय. सरकारी मदतीचा तो अर्ज भरला असतात तरी काही मिळालं नसतं, कारण उत्पन्न नव्हे, व्हिसा. खासगी बँका देतील, पण सहीला नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जामीन मागतील. असा कोण आहे तुमचा, चार लाख डॉलरला उभा राहणारा?

(ज्यांची मुलं नागरिक आहेत त्यांनीही फार निर्धास्त राहू नये. पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं सरकारी ग्रॅड प्लस कर्ज १ जुलै २०२६पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद. मेडिकलला सरकारी कर्ज आता वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख, बस्स. खासगी मेडिकल कॉलेजचा राहण्याखाण्यासकट चार वर्षांचा खर्च ४ लाखांच्या घरात जातो. मधल्या दोन लाखांचं बघा.)

तुमच्या बाबतीत कर्ज ही नंतरची गोष्ट. आधी अर्जच अडतो. सरकारी मेडिकल कॉलेजांपैकी बहुतेक नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांच्यापलीकडे बघत नाहीत. खासगींपैकी काही घेतात, हॉपकिन्सही त्यांत आहे, पण देशभरात अशी मुलं मूठभर. शिवाय यांतली काही कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याला सांगतात, एका वर्षाचे, कुठे कुठे चारही वर्षांचे पैसे आधी एस्क्रो (त्रयस्थाकडच्या राखीव) खात्यात ठेवा, मग बोलू. ब्लूमबर्ग यांनी २०२४मध्ये हॉपकिन्सला एक अब्ज डॉलर दिले, त्यातले बरेचसे मेडिकलसाठी, आणि वर्षाला ३ लाखांखाली उत्पन्न असलेल्या कुटुंबांना तिथे मेडिकलची फी माफ झाली, हे तुम्ही एक्सेलमध्ये लिहिलंय आणि ते खरंही आहे. पण ती माफी मेडिकलची जागा मिळालेल्यांना. अंडरग्रॅड तिथे केलं म्हणून ती जागा राखून ठेवत नाहीत.

‘ग्रीन कार्ड येईलच.’ चला, तारखा मांडू. मुलीचा जन्म नोव्हेंबर २००८चा. नोव्हेंबर २०२९ला ती २१ पूर्ण करेल आणि त्या दिवशी तुमच्या एच-४मधून बाहेर पडेल. ती मधे खंड न घेता गेली तर जून २०२९मध्ये मेडिकलचे अर्ज करेल, म्हणजे वाढदिवस येईल तो ऐन मुलाखतींच्या हंगामात. अर्जात स्टेटस एक, मुलाखतीला जाताना दुसरं.

तुमची प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख) एप्रिल २०१६, ईबी-२ (नोकरीवरच्या ग्रीन कार्डांचा एक गट), भारत. ही रांग दहा वर्षांहून जास्त मागे चालते. कधी वर्षात चार-सहा महिने पुढे सरकते, कधी उडी मारते, कधी सप्टेंबर आला की उलटी फिरते. २०२९च्या आत तुमचा नंबर लागेलही. मुलांचं वय गोठवणारा कायदा आहे, आय-१४० मंजूर व्हायला जितके दिवस लागले तितके वयातून वजा होतात. तुम्ही २०१६ला जादा पैसे भरून प्रीमियम प्रोसेसिंग केलंत, मंजुरी पंधरा दिवसांत हातात आली आणि घरात पेढे वाटले. म्हणून आता वजाही पंधराच दिवस होतील. ज्यांची फाइल दीड वर्ष धूळ खात पडली त्यांच्या मुलांना दीड वर्ष मिळालं. त्यातून ऑगस्ट २०२५पासून वय मोजायला फायनल अ‍ॅक्शन डेटचा (प्रत्यक्ष कार्ड देण्याच्या तारखांचा) तक्ता धरतात, आधीचा सैल तक्ता गेला. यात तुमची काहीच चूक नाही. ‘येईलच’ हा शब्द हिशेबात घातलात, ती चूक आहे.

आणि हे सांगताना मलाही चीड येते. पुण्याच्या बी. जे.तून एमबीबीएस झालेला मुलगा यूएसएमएलई (इथली डॉक्टरकीची परीक्षा) देऊन जे-१ व्हिसावर इथे रेसिडेन्सीला येतो. पाचव्या वर्षी एडिसनला आलेली, किंडरगार्टनपासून इथेच शिकलेली मुलगी एमडीच्या (इथली मेडिकलची पहिली पदवी) अर्जातच अडकते. पण आपल्या चिडण्याने रांग सरकत नाही.

आता पैसे. खर्च पहिल्या वर्षी ९२ हजार डॉलर, दरसाल चार टक्के वाढ, चार वर्षांचे ३ लाख ९० हजार. इथवर तुमचं एक्सेल बरोबर. जमेच्या बाजूला ५२९मध्ये (कॉलेजसाठीचं बचत खातं) ८५ हजार, ‘कॉलेज पॉलिसी’ १ लाख ६० हजार, ४०१(के)वर (निवृत्तीचं खातं) कर्ज ५० हजार, हेलॉक म्हणजे घर तारण ठेवून कर्ज ९५ हजार. बेरीज अगदी ३ लाख ९० हजार. इतकी नेमकी बेरीज जुळली की मी आधी सगळ्यात मोठा आकडा तपासतो.

ही ‘कॉलेज पॉलिसी’ म्हणजे आययूएल, इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ, शेअर बाजाराच्या निर्देशांकाशी जोडलेला आयुर्विमा. मंडळाच्या गणपतीत ओळख झालेल्या गृहस्थांनी २०१६ला तुमच्या डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून दाखवली, ‘मार्केट वर गेलं तर तुमचं, खाली आलं तर शून्य, आणि ५२९सारखी कॉलेजचीच अट नाही.’ तुम्ही दहा वर्षं महिना १,००० भरलेत, म्हणजे १ लाख २० हजार. तुम्ही पाठवलेल्या रंगीत इलस्ट्रेशनवर (पॉलिसीच्या अंदाजाच्या तक्त्यावर) १ लाख ६०च्या रकान्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘नॉन-गॅरंटीड’ आहे. शेजारचा गॅरंटीड रकाना बोट लावून खाली वाचत गेलात तर २६व्या वर्षापासून शून्यं दिसतील. तो रकाना त्या गृहस्थांनी दाखवला नसणार. आणि यंदाच्या स्टेटमेंटवर दोन आकडे आहेत : अ‍ॅक्युम्युलेशन व्हॅल्यू ९६ हजार, सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी मोडल्यावर हातात येणारी रक्कम) ८१ हजार. तुमचे पैसे ८१. बाकीचं कमिशन, विम्याचा दरमहाचा खर्च आणि सरेंडर चार्ज यांत गेलं. इंडेक्स म्हणतात तोही लाभांश वगळलेला आणि वरून वाढीला कॅप, म्हणजे कमाल मर्यादा लावलेला. हेच हजार महिन्याला ५२९च्या साध्या इंडेक्स फंडात टाकले असते तर आठ टक्क्यांनी धरूनही १ लाख ८० हजारांच्या वर झाले असते, आणि बाजाराने या दहा वर्षांत त्याहून बरंच जास्त दिलं.

म्हणजे तुमच्या बेरजेतून आत्ताच ७९ हजार गेले. अजून मुलीने एक बॅगही भरलेली नाही.

उरलेल्या दोन नोंदी मला त्याहून नकोशा वाटतात. ४०१(के)चं कर्ज नोकरी गेली की त्या वर्षीच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत परत करायचं, नाही तर टॅक्स आणि वर दहा टक्के दंड. एच-१बीवर नोकरी गेली की तुमच्या हातात ६० दिवस असतात. त्या ६० दिवसांत तुम्ही नोकरी शोधणार, की कर्ज फेडणार, की हेलॉकचा हप्ता? ९५ हजारांना आठ टक्के धरले तर नुसतं व्याज महिना सहाशेच्या वर. तुमच्या जागी नागरिक असता तर मी इतका ताणून बोललो नसतो.

आता तो कंसातला राटगर्स. इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्या मुलांची फी, राहण्याखाण्यासकट वर्षाला साधारण ३८ हजार, दरसालची वाढ धरून चार वर्षांचे १ लाख ६० हजार. ५२९चे ८५ आणि पॉलिसी मोडून ८१ मिळून १ लाख ६६. हे पैसे तुमच्याकडे आज आहेत. ४०१(के)ला हात नाही, घरावर बोजा नाही. पॉलिसीचे महिना १,००० सुटले, त्यातून टर्म विम्याचे (ठरावीक वर्षांचा नुसता विमा) दीडशे वजा, म्हणजे चार वर्षांत ४० हजार बाजूला. वाकडचा फ्लॅट तुम्ही ‘तो असाच आहे’ म्हणून यादीतच धरला नाहीत. ९० लाख रुपये म्हणजे टॅक्स जाऊन ९० हजार डॉलरच्या आसपास. भाडं वर्षाला तीन लाख रुपये, त्यातून सोसायटी आणि रंगरंगोटी. तो विकायला तुमच्या आईंना विचारावं लागेल, ते माझं काम नाही. पण विकलात तर २०३०मध्ये तुमच्याकडे १ लाख ३० हजार रोख असतील, कर्ज शून्य. मेडिकलच्या सव्वा वर्षाचे पैसे. पुरेसे नाहीत, मी गोड बोलणार नाही. पण हॉपकिन्स केलंत तर हे सगळं घालूनही त्याच दिवशी तुम्ही लाखभराच्या कर्जात असाल आणि एस्क्रोत ठेवायला एक डॉलर नसेल.

मी राटगर्स म्हणतो. एका अटीवर. राटगर्सच्या ऑफिसला ईमेल करून लेखी घ्या की मुलगी २१ची झाल्यावर एफ-१वर गेली तर इन-स्टेट फी राहते की नाही. फोनवर ‘शुअर, शुअर’ म्हणतात, त्याला अर्थ नाही. नाही म्हणाले तर शेवटच्या काही महिन्यांची फी वाढेल, तेवढी धरून ठेवा. तरीही हॉपकिन्सपेक्षा कितीतरी स्वस्त.

इमिग्रेशनच्या वकिलाचा एक तास घ्या, याच महिन्यात. तीन-चारशे डॉलर जातील. दोनच प्रश्न विचारा : मुलीचं एफ-१ कधी सुरू करायचं आणि वडिलांचा आय-१४० मंजूर असताना ते अडतं का. कंपनीच्या वकिलाला विचारू नका, तो कंपनीचा आहे.

मुलीला मेजर (मुख्य विषय) स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतलं घ्यायला सांगा. बायॉलॉजी, बायोकेमिस्ट्री चालतील. पदवीनंतर एफ-१वर तीन वर्षांपर्यंत काम करता येतं, एखाद्या लॅबमध्ये दोन वर्षं काढली तर पगार मिळतो, अर्ज भक्कम होतो आणि रांगही तेवढी सरकते. आजकाल बरीच मुलं गॅप घेऊनच मेडिकलला जातात, त्यात कमीपणा नाही. आणि कार्ड नाहीच आलं तर बायोमेडिकल पीएचडीला स्टायपेंड मिळतो, तिथे परदेशी मुलं सर्रास असतात. तिला हे आवडणार नाही. तरी आत्ता सांगा, कारण एक्सेलच्या ३१व्या ओळीत तिचं नाव तुम्ही तिला न विचारता लिहिलंय.

पॉलिसीबद्दल शेवटचं. आधी दहा लाख डॉलरची वीस वर्षांची टर्म घ्या. ती मंजूर होऊन कागद हातात आले की मगच आययूएल मोडा, उलट क्रमाने नको. भरलेल्यापेक्षा कमी मिळतंय, त्यामुळे टॅक्स लागणार नाही. मोडायचा अर्ज गेला की गणपतीतल्या त्या गृहस्थांचा फोन येईल. ते म्हणतील, अजून पाच वर्षं थांबा, सरेंडर चार्ज शून्य होईल. तो चार्ज वर्षाला तीन हजारांनी कमी होतो आणि त्यासाठी तुम्ही वर्षाला बारा हजार भरणार. मग म्हणतील, मोडू नका, पॉलिसीवर लोन काढा. स्वतःच्याच पैशांवर व्याज भरायचं म्हणजे लोन. गणपतीत भेटले की आरती एकत्र म्हणा, पण कागदावर सही घरी आल्यावर, टर्मची पॉलिसी समोर ठेवून करा.